दिमडी घरी बनवायची?

बीडच्या खंडोबाच्या टेकडीवर गेलं की दीपमाळांआधी मला वाघ्याच्या हातातली दिमडी आठवते. लहानसं लाकडी कडं, एका तोंडाला कातडं, बस्स! पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, तेव्हा तो नाद सोडाच. शेळीचं पातळ कातडं घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, ओलं असतानाच कड्यावर ताणून चिंचोक्याच्या खळीनं चिकटवा, वरून सुतळीनं आवळा आणि सावलीत वाळू द्या. उन्हात घाई केली की कातडं तडकतं (माझी पहिली अशीच गेली). आयर्लंडचा बोधरानही शेळीच्याच कातड्याचा, फक्त तो काठीनं वाजवतात. पावसाळ्यात आवाज बसला तर दिमडी हलगीसारखी जाळावर शेकायची, पण लांबूनच.