काळीकाठचे धनेश आणि एक पोकळ बेहडा

दांडेलीजवळ काळी नदीच्या काठी तंबूंचे मुक्काम बरेच झाले आहेत. लोक येतात ते गर्द सावलीसाठी. मीही प्रथम त्यासाठीच गेलो होतो. पहाटे डोक्यावरून सूं-सूं असा मोठा आवाज गेला. तो महाधनेश होता. त्याच्या पंखांखालची छोटी पिसे मोठ्या उड्डाणपिसांची बुडे पुरती झाकत नाहीत. त्या फटींतून हवा जाते, म्हणून हा आवाज.

महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि आपला साधा राखी धनेश, अशा चार जाती या भागात दिसतात. २०११ साली कर्नाटक सरकारने येथे धनेश संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले.

धनेशांना नदीकाठ का आवडतो? एक कारण पोटाचे. उंबर आणि त्याच्या जातभाईंची सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत. एक संपले की दुसरे पिकलेले सापडते. फळे खाऊन धनेश बिया दूरवर टाकतो आणि रान पेरतो. याच फांद्यांवर शेकरूही दिसते.

दुसरे कारण घराचे. धनेशाला सुताराप्रमाणे ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, खोड कुजून तयार झालेली ढोलीच त्याला लागते, आणि ती जुन्या, जाड झाडालाच असते. मादी आत शिरून विष्ठा-मातीने तोंड लिंपून घेते. फक्त चोचीपुरती फट उरते. आत ती उड्डाणपिसे गाळते. त्या आठवड्यांत नर फळे आणून भरवतो. नर मेला किंवा बुजून दूर राहिला, तर आतल्यांची उपासमार होते.

एका मुक्कामी मी चार उन्हाळे एका बेहड्याची ढोली पाहत आलो. पाचव्या वर्षी गेलो, तर तिथे बुंधा होता. ‘पोकळ झाड, तंबूवर पडलं असतं,’ व्यवस्थापक म्हणाला. त्याची भीती खोटी नव्हती. पण तंबू तासाभरात हलतो, ढोली व्हायला कित्येक दशके लागतात. नदीकाठी मुक्काम मांडणाऱ्याने आधी झाडे पाहावीत, मग तंबूची जागा ठरवावी. आपणही खोली निवडताना एवढे विचारायला हरकत नाही: पोकळ झाडे ठेवली आहेत ना? रात्री दिवे आणि गाणी कधी बंद होतात?

त्या वर्षी फेब्रुवारीत एक नर शेजारच्या फांदीवर बराच वेळ बसून होता.