बोर हे फळ आहे काय?

मेहरूण हे नाव महाराष्ट्रात दोन निरनिराळ्या अर्थांनी ऐकू येते. जळगावकरांस ते एका जुन्या गावाचे आणि त्याच्या तलावाचे नाव आहे. गाव आता शहरात सामावून गेले असून तलावाची पाळ ही शहरवासीयांची फिरावयास जाण्याची जागा झाली आहे. उलट दूरच्या एखाद्या जिल्ह्यात फळबाग लावणाऱ्या शेतकऱ्यास मेहरूण म्हणजे बोराची एक जात. उमराण, कडाका या नावांच्या पंक्तीत तो हेही नाव सहज घेतो, आणि ते गावाचे नाव आहे याची त्याला आठवण असेलच असे नाही. स्थळाचे नाव वस्तूला चिकटावे आणि वस्तू स्थळापासून सुटून एकटीच हिंडू लागावी, हा व्यवहार भाषेत नित्य चालतो. आंबेवाल्याकडे ‘देवगड द्या’ म्हणताना कोणी बंदर मागत नाही. पण ज्या गावाचे नाव असे प्रवासाला निघाले, त्या गावात बसून पाहिले असता याच बोराच्या निमित्ताने भाषा आणि बोध यांच्या संबंधाचा एक अधिक बिकट प्रश्न पुढे येतो.

प्रश्न दिसावयास अगदी साधा आहे. प्राथमिक शाळेत गुरुजी विचारतात, ‘पाच फळांची नावे सांगा.’ उत्तरे येतात ती आंबा, केळे, सफरचंद, पेरू, द्राक्षे अशी. पौषाचे दिवस आहेत आणि उत्तर देणाऱ्या मुलाचा खिसा बोरांनी भरलेला आहे, असे समजा. तरीही बोर त्याच्या तोंडी येईलच याची शाश्वती नाही. बोर हे फळ आहे हे त्याला कळत नाही असे मात्र नव्हे. मुद्दाम विचारले तर तो ‘हो’ म्हणेल. परंतु आजाऱ्याला भेटावयास जाताना जी नेतात, ताटलीत कापून मांडतात, ती फळे. आणि झाडाखाली वेचावी, खिशात भरावी व बी थुंकीत हिंडावे, तो रानमेवा. ‘फळ’ या शब्दाच्या घरात बोराला जागा आहे, पण ती ओसरीवर आहे.

वर्गांचे हे असे असणे मानसशास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहे. एलिनॉर रॉश या अमेरिकन विदुषीने 1970 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, माणसाच्या मनातील वर्ग हे तर्कशास्त्राच्या पुस्तकातील वर्गांप्रमाणे काटेकोर कुंपणाचे नसतात. त्यांना मध्य असतो आणि कड असते. तिने ज्यांना प्रश्न विचारले त्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या मते सफरचंद हे अगदी अस्सल फळ होते, तर ऑलिव्ह जेमतेम फळ. मध्यस्थानी कोणी बसावे आणि कडेला कोणी, हे निसर्ग ठरवीत नाही. ते बाजार, स्वयंपाकघर आणि सण यांच्याकडून ठरते. केळीच्या बागांनी वेढलेल्या जळगावात केळ्याला मध्यस्थान मिळावे यात नवल नाही. सफरचंदाचे झाड मात्र या मुलांपैकी बहुतेकांनी पाहिलेले नसते, आणि तरीही ते बोराच्या पुढे जाऊन बसते. पाठ्यपुस्तकातील चित्रांचा हा प्रताप असावा, असा आपला आमचा तर्क आहे.

आता याच मुलाच्या घरी संक्रांतीला काय होते ते पाहू. सुगडात ऊसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या आणि बोरे एकत्र येतात. लहान मुलाचे बोरन्हाण होते तेव्हा कुरमुरे आणि हलवा यांच्यासमवेत त्याच्या डोक्यावरून बोरे ओततात. या घरात बोराचे सोबती ऊस, घाटे व गाजर हे आहेत. आंबा त्या पंगतीत बसूच शकत नाही, कारण तो त्या ऋतूत नसतोच. म्हणजे बोराचे वर्गीकरण येथे अवश्य झालेले आहे. मात्र ते वनस्पतिशास्त्राच्या सूत्राने झालेले नसून ऋतू आणि विधी यांच्या सूत्राने झाले आहे. दोन्ही सूत्रे मुलाच्या ठायी असतात. प्रश्न कसा विचारला, कोणी विचारला आणि कोठे विचारला, यावर त्यांपैकी कोणते जागे होईल हे अवलंबून राहते.

या बाबतीत रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया याचे संशोधन विशेष उद्बोधक आहे. 1931 आणि 1932 या वर्षी तो मध्य आशियात, उझबेकिस्तान व किरगिझियाच्या खेड्यांत गेला. त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध व्हावयास मात्र 1974 साल उजाडले. निरक्षर शेतकऱ्यांपुढे त्याने हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांची चित्रे ठेवली व विजोड वस्तू काढावयास सांगितली. शाळेत गेलेला माणूस ओंडका काढतो, कारण बाकीची तिन्ही हत्यारे आहेत. शेतकरी काही केल्या ओंडका काढीनात. ओंडकाच नसला तर करवत चालवावयाची कशावर, असा त्यांचा सवाल. दुसऱ्या एका प्रश्नात, उत्तरेकडे जेथे बर्फ असते तेथील सर्व अस्वले पांढरी असतात असे सांगून, उत्तरेकडीलच एका बेटावरील अस्वलांचा रंग विचारला होता. त्यावर, आपण तेथे गेलो नाही, ज्याने पाहिले असेल त्यालाच विचारावे, अशा धर्तीची उत्तरे मिळाली.

ही उत्तरे वाचून शेतकऱ्यांच्या बुद्धीविषयी शंका घेणारे पुष्कळ निघाले. प्रस्तुत लेखकास त्यांत एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. जे पाहिले नाही त्याविषयी ग्वाही देऊ नये, हा चांगल्या गावातील चांगल्या माणसाचा नियमच आहे. पुढे सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात, वाई जमातीत, या प्रश्नाची अधिक बारकाईने तपासणी केली. वाई लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेबाहेर, घरगुती रीतीने शिकली जाते. त्यामुळे साक्षर असूनही शाळेत न गेलेली माणसे तेथे भेटतात. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून असे दिसले की, अशा कोड्यांचे उत्तर शब्दांत समजावून देण्याची जी विशेष हातोटी, ती केवळ अक्षरओळखीने येत नाही, तर शाळेत गेल्याने येते. अर्थात ती सर्वसाधारण बुद्धीची खूण नसून एका विशिष्ट संवादप्रकाराचा सराव आहे.

त्या संवादप्रकाराचे मर्म प्रश्नाच्या स्वरूपातच आहे. शाळेतील प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर आधीच ठाऊक असते. रोजच्या व्यवहारात असे कोणी करीत नाही. तलावाच्या पाळीवर भेटलेल्या माणसाने स्वतःच्या हातातील बोर दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारले, तर आपण एक तर त्याची थट्टा समजू, नाही तर त्याची प्रकृती बरी नाही असे मानू. काही घरांत मुलांशी लहानपणापासून असा प्रश्नोत्तरांचा खेळ खेळला जातो. ‘चिऊ कशी करते?’ हा त्याचाच प्रारंभ. इतर पुष्कळ घरांत मूल कामात असलेल्या मोठ्यांच्या अवतीभवती राहून, पाहून शिकते, आणि मोठी माणसे त्याला विचारतात ते ठाऊक नसलेलेच विचारतात: शेळी कोठे गेली, बाप परतला का. शर्ली ब्राइस हीथ हिने अमेरिकेच्या दक्षिण भागातील वस्त्यांत अनेक वर्षे राहून हा भेद नोंदविला (तिचे पुस्तक 1983चे). जेथे शिक्षकांनी आपल्या प्रश्नांची धाटणी बदलली तेथे गप्प बसणारी मुले बोलू लागली, हेही तिने लिहून ठेवले आहे. तेव्हा मेहरूणमधील एखादे मूल ‘हे काय आहे?’ या प्रश्नापुढे मुके उभे राहिले, तर त्याला बोर ओळखू येत नाही असे मानण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे. गुरुजींना एवढेही ठाऊक नाही काय, या कोड्यात ते पडलेले असण्याचा संभव आहे.

खानदेशात या अडचणीवर दुसरी एक अडचण चढते. जळगाव हे बोलींच्या सांध्यावर वसलेले आहे. पश्चिमेकडून, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या बाजूने अहिराणी येते. पूर्वेकडून, भुसावळ, यावल, रावेर या बाजूने लेवा बोली. दोहोंतही ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा तो डोया, शाळा ती शाया, आणि जळगाव ते जयगाव. हा नियम इतका काटेकोर आहे की त्याला चूक म्हणणे हीच चूक ठरावी. परंतु उच्चाराचा भेद कानाला लगेच कळतो म्हणून त्याचीच चर्चा फार होते. क्रियापदातील भेद त्याहून खोल आहे. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ म्हणताना बोलणाऱ्याला स्वतःचे लिंग सांगावेच लागते. त्यावाचून वाक्य पुरे होत नाही. अहिराणीतील ‘मी शायमा जास’ हे वाक्य मुलगा आणि मुलगी एकाच रूपात बोलतात. यावरून अहिराणी घरात स्त्रीपुरुषभेद कमी असतो असे अनुमान कोणी काढू लागेल तर ते हास्यास्पद होईल. बेंजामिन व्हॉर्फच्या (1897–1941) अनुयायांनी अशी अनुमाने पुष्कळ काढली आणि ती बहुतेक मागे घ्यावी लागली. मर्यादित स्वरूपात मात्र त्या विचारात तथ्य आहे. डॅन स्लोबिन याने त्यास ‘बोलण्यासाठी करावयाचा विचार’ असे नाव दिले: प्रत्येक भाषा वाक्य जुळविताना काही गोष्टींकडे लक्ष द्यावयास लावते, आणि ते लक्ष बालपणीच अंगवळणी पडते. अहिराणी मुलीला प्रमाण मराठीत एक वाक्य उच्चारताना आजवर न लागलेली एक दक्षता नव्याने बाळगावी लागते. त्याच क्षणी तिला उत्तरही आठवावयाचे असते, आणि ‘ळ’ही सांभाळावयाचा असतो. या तिहेरी ओझ्यामुळे झालेला विलंब गुरुजींना दिसतो तो मात्र अज्ञान म्हणून.

कागदोपत्री या मुलीला अडचणच नाही. मुलाचे शिक्षण शक्य तोवर मातृभाषेतून व्हावे असे 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात म्हटले आहे, 2020च्या राष्ट्रीय धोरणातही तोच आग्रह आहे. आणि तिची शाळा तर मराठीच आहे. पण जनगणनेला विचारावे तर ती निराळे सांगते. 2011च्या गणनेत ‘खानदेशी’ ही मराठीहून स्वतंत्र भाषा म्हणून मोजली असून तिच्या पोटात अहिराणी येते. भाषकांची संख्या सुमारे 18 लाख 60 हजार. त्याही पूर्वी ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीत (1907) खानदेशीचे वर्णन मराठीच्या खंडात न येता भिल्ली बोलींच्या समवेत आले. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. मोजताना वेगळी आणि शिकविताना तीच, ही विसंगती तेवढी नोंदवावीशी वाटते.

लेवा बोलीची गोष्ट आणखी निराळी. आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी यांची कविता त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि सबंध महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. 2018 पासून जळगावचे विद्यापीठही त्यांचे नाव धारण करते. पाठ्यपुस्तकातील कवितेच्या पानावर जी बोली गौरविली जाते, तीच निबंधाच्या वहीत आली की तांबड्या शाईने खोडली जाते. निबंध प्रमाण भाषेत लिहावयास शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. ती भाषा मुलांना आलीच पाहिजे, कारण पुढील सर्व दारे तिनेच उघडतात. फक्त खोडणाऱ्याने ‘हे चूक’ आणि ‘हे येथे चालत नाही’ या दोन शेऱ्यांतील अंतर ओळखावे.

शिक्षकाला यातून करण्याजोगे काही आहे काय? फळांच्या त्या पाठापुरते बोलावयाचे तर, पाच नावे मागण्याऐवजी सुगडापासून आरंभ करता येईल. सुगडात काय काय घालतात, हे विचारताना गुरुजींनाही उत्तर पूर्ण ठाऊक नसते, कारण घरोघरची रीत थोडी थोडी वेगळी असते. म्हणून हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर ज्या बोलीत येईल त्या बोलीत येऊ द्यावे. मग यांतले झाडाला काय लागते, जमिनीत काय वाढते, कशाची आपण काडी खातो आणि कशाचे बी, असे विचारीत गेले की वस्तू एकेक करून जागा बदलू लागतात. गाजर मुळांत जाते, ऊस खोडांत जातो, आणि बोर फळांत येऊन बसते. त्या वेळी एखाद्या चौकस मुलीने घाट्याचे आणि गव्हाच्या दाण्याचे काय, असे विचारले, तर वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने तीही फळेच होत हे गुरुजींना सांगावे लागेल, आणि तेव्हा बुचकळ्यात पडण्याची पाळी सबंध वर्गाची असेल.