चर्चमध्ये गेलं म्हणजे सभासद झालं का?

“थो चर्चात जाते, म्हन्जे किरस्ताव झालाच ना बापा!” चांदूर बाजारात एखाद्याबद्दल असं सहज बोललं जातं. नाताळाला कुणाबरोबर उपासनेला गेलेला, आजारपणात पाळकांकडून प्रार्थना करून घेतलेला, लेकराला मिशनच्या शाळेत घातलेला, असे सगळे लोकांच्या हिशेबात एकाच खात्यात जमा होतात. चर्चचा स्वतःचा हिशेब मात्र फार काटेकोर असतो. उपासनेला कुणीही येऊन बसू शकतं, त्यासाठी वर्गणी लागत नाही आणि दाखलाही लागत नाही. सभासदत्व ही त्यापुढची आणि बरीच सावकाश चालणारी गोष्ट आहे.

त्याआधी एक गोंधळ मिटवायला हवा. आपल्या अमरावती जिल्ह्यात चांदूर म्हटलं की चांदूर बाजार की चांदूर रेल्वे हे विचारावं लागतं, तसं चर्च म्हटलं की कोणतं हे विचारावं. वऱ्हाडातली सगळी चर्चेस इंग्रजांची, हा समज खरा नाही. इथल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांची मुळं ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन मिशनमध्ये आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मिशनचं काम अकोल्याकडून वऱ्हाडभर पसरलं. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ सालचा, आणि तो पोपच्या अधिकाराखाली येतो. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोक. त्यांचे पहिले नागपूरचे बिशप आयर चॅटरटन १९०३ साली आले आणि वऱ्हाडही त्यांच्याच कार्यक्षेत्रात होता.

“मग हे अँग्लिकन चर्च अजून इंग्लंडच्या राजाच्या हाताखाली चालतं का?” नाही. इंग्लंडच्या चर्चशी असलेलं कायदेशीर नातं १९३० सालीच, म्हणजे स्वातंत्र्याच्या सतरा वर्षं आधी, तुटलं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, मेथडिस्टांचा एक गट आणि युनायटेड चर्च असे सहा प्रवाह एकत्र आले आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभं राहिलं. बोलताना सगळे त्याला सी.एन.आय. म्हणतात. त्यामुळे आज विदर्भात अँग्लिकन परंपरेच्या चर्चचं सभासद होणं म्हणजे व्यवहारात सी.एन.आय.चं सभासद होणं. इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंना, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपांना, इथे मान आहे, पण हुकूम चालवण्याचा अधिकार नाही. एवढी मोठी घटना आपल्या शेजारच्या नागपुरात घडली आणि मराठी वाचकांना तिची जवळपास खबरच नाही, याचं मला नवल वाटतं.

आता प्रत्यक्ष सभासद होण्याबद्दल. “पाणी शिंपडलं की काम झालं,” हा सगळ्यात घट्ट बसलेला समज. बाप्तिस्मा हा पाया आहे हे खरं. पण अँग्लिकन परंपरेत लहानपणी बाप्तिस्मा झालेलं मूल मोठं झाल्यावर पुन्हा स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देतं आणि बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. हे दृढीकरण, बोलीत कन्फर्मेशन. त्याआधी पाळक वर्ग घेतात. त्यात प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा शिकवतात आणि प्रभुभोजनाचा अर्थ समजावून सांगतात. प्रभुभोजन म्हणजे पाव आणि द्राक्षरस. त्यात ‘काहीतरी खाऊ घालतात’ ही जुनी अफवा निव्वळ अफवाच आहे. मोठ्या वयात येणाऱ्याला आधी शिकवण, मग बाप्तिस्मा, मग दृढीकरण असा क्रम लागतो. कुणाचं लग्न ठरलं म्हणून आठवड्यात सगळं उरकून द्यायला शहाणा पाळक तयार होत नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या मंडळीतून सी.एन.आय.मध्ये येणाऱ्याचा पुन्हा बाप्तिस्मा करावा लागतो, असंही बरेच जण धरून चालतात. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा एकदाच होतो, मग तो कॅथलिकांकडे झालेला असो की अलायन्सकडे. अलायन्समध्ये बाळाला आशीर्वाद देऊन देवाला अर्पण करतात आणि बाप्तिस्मा मोठेपणी, पाण्यात बुडवून होतो. सी.एन.आय.मध्ये बाप्टिस्ट आणि ब्रदरनही सामील झाल्यामुळे तिथे दोन्ही रीती मान्य आहेत. बाप्तिस्मा आधीच झाला आहे हे दाखवता यावं म्हणून जुन्या मंडळीचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला सोबत न्यावा.

“नाव बदलावं लागतं, खाणंपिणं बदलावं लागतं.” याला पंडिता रमाबाईंचं उदाहरण पुरेसं आहे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला, तोही अँग्लिकन चर्चमध्येच. तरी जगासाठी त्या रमाबाईच राहिल्या. इंग्लंडच्या थंडीतही शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. वाँटेजच्या ज्या धर्मभगिनींकडे त्या राहिल्या होत्या, त्यांच्याशी त्यांनी त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या, सिद्धांतावर पत्रांतून वाद घातला. म्हणजे सभासद झाल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, हा समजही त्यांनी तिथल्या तिथे मोडून काढला.

घरातल्या एकाने निर्णय घेतला की सगळं घर आपोआप सभासद होतं, हेही चूक. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला; ते अमेरिकन मराठी मिशनचे होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो निर्णय त्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने घेतला.

कायद्याच्या बाजूचे गैरसमज जास्त नुकसान करतात. चर्चचा दाखला आणि सरकारी नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी कागदांवर धर्म बदलायचा असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली जाहिरात वेगळी करावी लागते. नाव बदलण्याची सक्ती त्यात कुठेच नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही, म्हणून कोरकू जमातीतला माणूस चर्चचा सभासद झाला तरी तो केवळ त्या कारणाने जमातीबाहेर जात नाही. हा फरक अनेक कुटुंबांना उशिरा कळतो.

वारशाचंही तसंच. “बापाच्या वावरातला हिस्सा गेला,” असं भावकी सांगते. हिंदू वारसा कायद्यानुसार धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वारसा जात नाही. धर्मांतरानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना मात्र हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही; तो नातेवाईक वारल्याच्या वेळी ती मुलं हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. आणि लग्न? १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याला वधूवरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं. त्यामुळे केवळ लग्नापायी दुसऱ्याने बाप्तिस्मा घ्यावा अशी कायद्याची सक्ती नाही. पाळकांची स्वतःची अट असू शकते, ती त्यांनाच विचारावी.

इंग्लंडला शिकायला गेलेल्या मराठी मुलांचा गोंधळ याच्या उलटा असतो. तिथे प्रत्येक घर कोणत्या ना कोणत्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, हद्दीत येतं, म्हणून पाद्री “तुम्ही आमच्याच पॅरिशचे” असं म्हणतात आणि आपल्याला परस्पर सभासद करून टाकलं की काय, अशी भीती वाटते. तसं होत नाही. पॅरिशच्या मतदार यादीत नाव घालायला बाप्तिस्मा झालेला असावा लागतो, वय किमान १६ लागतं आणि अर्ज स्वतः करावा लागतो. तो केला नाही तर तुम्ही फक्त शेजारी.

चांदूर बाजार, परतवाडा, अमरावती भागातल्या कुणाच्या मनात खरोखर हा विचार असेल, तर आधी चार-सहा रविवार उपासनेला जाऊन बसा, पाळकांना मोकळेपणाने प्रश्न विचारा आणि जातीचा दाखला, शेतीचे कागद किंवा लग्न यांचा संबंध येत असेल तर सही करण्याआधी वकिलाला भेटा. घाई करणारा कुणी भेटला, तर तो पाळक असो की नातेवाईक, त्याला थांबायला सांगा.