नोकरी सांभाळून क्लिनिकल ट्रायल्स – भाग ६ : पस्तीस इकडे, पस्तीस तिकडे

मागच्या भागात आपण वेळापत्रक लावलं: आठवड्याच्या दोन रात्री आणि रविवारची सकाळ. पण रत्नागिरीत पाऊस लागला आणि लाईट गेली की ऑनलाइन लेक्चर अर्ध्यावरच लटकतं. म्हणून या आठवड्यात मोबाईल बाजूला. एक शोधनिबंध झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा आणि पेन्सिल घेऊन बसा.

निबंध आपल्याच मुलखातला आहे. कशेडी घाट उतरून पोलादपूरच्या पुढे गेलं की महाड. तिथल्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकरांनी तो २०११ साली 'बीएमजे' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषय, लाल विंचवाचा दंश. चिरे किंवा सरपण हलवताना चावणाऱ्या या विंचवाच्या विषाचा घाला हृदयावर पडतो. कॅज्युअल्टीत ड्युटी केलेल्यांना रुग्ण डोळ्यांपुढे दिसेल: अंग घामाने निथळतंय, लाळ गळतेय, हातपाय थंडगार.

प्रश्न काय होता? प्रॅझोसिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध. बावसकरांनी १९८०च्या दशकापासून ते विंचूदंशावर वापरलं आणि त्याचा गुण येतो हे दिसलं होतं. आता प्रश्न असा, की सोबत विंचवाच्या विषावरची प्रतिलस (अँटिव्हेनम) दिली तर रुग्ण लवकर सावरतो का? इथे पहिली खूण करा. प्रॅझोसिन दोन्ही गटांना मिळालं. हाताशी असलेला गुणकारी उपचार केवळ तुलनेसाठी कुणाला नाकारायचा नसतो.

वाटप कसं झालं? विष भिनल्याची लक्षणं असलेले, पण हृदय-फुफ्फुसं अजून शाबूत असलेले ७० रुग्ण. ३५ जणांना प्रॅझोसिन आणि प्रतिलस, ३५ जणांना नुसतं प्रॅझोसिन. कोण कुठल्या गटात, हे डॉक्टरांच्या मनावर न ठेवता रँडमायझेशनने, म्हणजे यादृच्छिक वाटपाने, ठरलं. तसं नसतं, तर जास्त अत्यवस्थ दिसणाऱ्याकडे प्रतिलसीची बाटली आपसूक वळली असती आणि दोन गट मुळातच वेगळे झाले असते.

काय मोजलं? औषध दिल्यापासून १० तासांत सगळी लक्षणं गेली का? हे मोजमाप, म्हणजेच 'आउटकम', सुरुवातीलाच ठरवून ठेवावं लागतं. निकाल हातात आल्यावर सोयीचा तास निवडला, तर कुठलंही औषध जिंकेल.

निकाल. प्रतिलस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत बरे झाले. नुसत्या प्रॅझोसिनवर ३५ पैकी ८. सरासरी वेळ ८ तास आणि १७.७ तास. आता समासात हिशेब मांडा. ९१.४ टक्क्यांतून २२.९ वजा केले की राहतात ६८.५. म्हणजे तिघांना प्रतिलस दिली, तर त्यांतले दोघे जास्तीचे, दहा तासांच्या आत सावरतात. टक्केवारीपेक्षा ही भाषा रुग्णाच्या घरच्यांना चटकन कळते.

खोट कुठे? कुणाला काय दिलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाडी आणि रक्तदाब यंत्र सांगतं. पण हात 'गार' आहे की 'कोमट', हे तपासणाऱ्याच्या तळव्यावर ठरतं. रुग्णालय एकच होतं, आणि मुख्य मोजमाप बरं होण्याच्या वेळेचं होतं, मृत्यूचं नव्हतं. या मर्यादा लक्षात ठेवूनच निकाल वापरायचा.

आयसीएमआरच्या चेन्नईतल्या संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रम असो, की लंडन स्कूल ऑफ हायजीनचा घरबसल्या करायचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, तिथे हेच प्रश्न मोठ्या नावांनी भेटतील. पण गारठलेला हात तुम्ही स्वतःच्या हातात धरलेला आहे. 'आउटकम' म्हणजे काय, हे तुम्हाला व्याख्येवरून शिकायला नको.

रविवारचा गृहपाठ : एखादा रुग्ण सहाव्या तासाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी निघून गेला, तर त्याला कुठल्या गटात मोजाल? दोन ओळींत लिहा.

पुढील भागात : संमतिपत्र, आणि अंगठा उठवणाऱ्याला ते समजलं, हे कसं ओळखायचं.