लेपाआधी तपासणी हवी

१० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्राममधील चिंटेल्स पॅराडिसो या गृहसंकुलात सहाव्या मजल्यावरील एका सदनिकेची जमीन खचली आणि खालच्या सदनिकांचे भागही कोसळत गेले. दोन महिलांना प्राण गमवावे लागले. दिल्लीच्या आय.आय.टी.ने केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळले. त्यामुळे आतील सळया झपाट्याने गंजल्या होत्या.

समुद्राकाठी राहणाऱ्या वाचकांना खाऱ्या वाऱ्याचे परिणाम परिचित आहेत. गुरुग्रामपासून समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी बांधकामाचे पाणी, वाळू किंवा मिश्रणातील रसायने यांतून क्लोराइड काँक्रीटमध्ये येऊ शकते. म्हणूनच आय.एस. ४५६ : २००० या भारतीय मानकाने सळईयुक्त काँक्रीटसाठी दर घनमीटरला ०.६ किलोग्रॅम ही क्लोराइडची कमाल मर्यादा घातली आहे.

ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते व त्यामुळे सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर टिकून राहतो. क्लोराइड हा थर भेदते. हवेतील कार्बन डायऑक्साइडही कालांतराने अल्कता कमी करतो. मग सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला भेगा पडून पोपडे सुटतात.

संरक्षक लेप पाणी, क्षार व वायू यांना बाहेरच अडवतो. परंतु आत असलेले क्लोराइड तो काढू शकत नाही. गंजलेल्या भागावर दिलेला सुबक लेप केवळ धोक्याच्या खुणा झाकतो.

यास्तव कामाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या भागावर फेनॉल्फ्थॅलीनचे द्रावण लावल्यास अल्कता टिकलेला भाग गुलाबी होतो, अल्कता गमावलेला रंगहीन राहतो. क्लोराइडची चाचणी मात्र प्रयोगशाळेत करावी लागते. त्यानंतर सैल काँक्रीट काढून, सळई घासून, दुरुस्तीचा मसाला भरावा. पृष्ठभागावरील धूळ, तेल व सिमेंटची भुसभुशीत साय काढावी. नव्या काँक्रीटला सर्वसाधारणपणे २८ दिवस द्यावेत. ओल आहे का, हे पाहण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. खाली पाणी जमल्यास बहुतेक लेपांसाठी थांबणे श्रेयस्कर.

लेपाची निवड जागेनुसार करावी. बाहेरील भिंतींना कार्बन डायऑक्साइड रोखणारा ॲक्रिलिक लेप, उघड्या काँक्रीटला सिलेन-सिलॉक्सेन, पाण्याच्या टाकीला पॉलिमरयुक्त सिमेंटचा लेप योग्य ठरतो. वाहनतळाच्या फरशीला इपॉक्सी चालते. उन्हात मात्र ते फिकट पडून भुकटते. दिल्ली परिसरात मे-जूनच्या तापलेल्या पृष्ठभागावर लेप देऊ नये. तो अकाली वाळतो व त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. पावसाळाही टाळावा. फेब्रुवारी-मार्चचा काळ अनुकूल असतो.

घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक असते आणि तिच्या कर्जाचे हप्ते दीर्घकाळ चालतात. तेव्हा गृहनिर्माण संस्थेच्या सभेत रंगकामाचे दरपत्रक मंजूर करण्यापूर्वी तपासणी अहवाल मागावा. तपासणीचा खर्च दुरुस्तीच्या खर्चापुढे अल्प असतो; आणि पॅराडिसोतील हानीची भरपाई तर कोणत्याही रकमेने होणारी नाही.