नागीण आणि अडवलेला रिपोर्ट

कॅडेट मित्रांनो, लहानपणी कांजिण्या आल्या आणि गेल्या, असे आपण म्हणतो. पण त्यांचा विषाणू जात नाही. तो मणक्याजवळच्या चेतापेशींत दबून राहतो आणि कधी कधी कित्येक वर्षांनी नागीण होऊन उठतो. हा हर्पीस कुळातला विषाणू. या कुळातले 9 विषाणू माणसाला लागतात आणि एकदा शिरले की जन्मभर मुक्काम करतात. शरीरात इतका कडक पहारा असताना त्यांना हे जमते कसे?

आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूवर ठेवून बाहेरच्या बाजूस मांडते. हा तिचा रोजचा रिपोर्ट. गस्तीवरच्या टी-पेशी तो तपासतात. तुकडा विषाणूचा निघाला, तर त्या पेशीला मारले जाते. टी-पेशी विषाणूला अशी एमएचसीसोबतच ओळखते, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबेरा येथे शोधले. त्यासाठी त्यांना 1996 चे नोबेल मिळाले.

हर्पीसचे विषाणू नेमका हा रिपोर्ट अडवतात. ओठावर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स अवघ्या 88 अमिनो आम्लांचे आयसीपी47 हे प्रथिन बनवतो. प्रथिनांचे तुकडे ज्या वाटेने एमएचसीपर्यंत पोहोचतात, तीच वाट ते बंद करते. सायटोमेगॅलो विषाणू तयार एमएचसी नष्ट करवतो. कांजिण्यांचा विषाणू एमएचसीला पेशीच्या आतच रोखून धरतो. रिपोर्ट न देणाऱ्या पेशींवर संशय घेणाऱ्या एनके पेशीही आपल्याकडे असतात. त्यांना फसवायला सायटोमेगॅलो खोटा एमएचसी उभा करतो!

तरीही टी-पेशी दमदार असेपर्यंत विषाणू दबून राहतो. वय, मोठे आजारपण किंवा काही औषधे यांनी पहारा ढिला झाला, की नागीण उठते.

इथे सरोजिनी नगरात आमच्या शेजारच्या आजींच्या कमरेवर असे फोड आले, तेव्हा गावाहून फोन आला, "काव लावा, नागिणीची दोन तोंडे जुळू देऊ नका, माणूस दगावतो." मी त्यांना समजावले, की विषाणू एका चेतेतून त्वचेवर उतरतो. ती चेता शरीराच्या एकाच बाजूला पसरते, म्हणून पट्टा बहुधा मध्यावर थांबतो. तोंडे जुळल्याने मरण येत नाही. नुकसान होते ते वेळ दवडल्याने. असायक्लोव्हिरसारखे औषध फोड उठल्यापासून 72 तासांत सुरू झाले, तर अधिक उपयोगी पडते. डोळ्याजवळ फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कॅम्प चुकेल म्हणून पुरळ लपवणारे कॅडेट मी पाहिले आहेत. नागिणीच्या फोडांतल्या पाण्याने बराकीतल्या ज्या सोबत्याला कांजिण्या झालेल्या नाहीत, त्याला त्या होऊ शकतात. कांजिण्या तर हवेतूनही पसरतात. म्हणून अंगावर फोड दिसले, तर त्याच दिवशी एम.आय. रूममध्ये जा. पालकांनीही मुलाला कांजिण्यांची लस दिली आहे का, हे एकदा तपासावे.