यंत्र थांबलं, पण कशामुळे?

वॉशिंग मशीनमधले कपडे धुऊन झाले की मोबाइलवर निरोप येतो, ही सोय आता महागड्या मशीनच्या जाहिरातीत ठळकपणे मांडली जाते आणि अनेकांना ती शहरी चैन वाटते. पण नजरेआड चाललेल्या यंत्राची खबर फोनवर घेण्याची निकड कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिवारालाही आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठच्या पंपांना बसवलेले, फोनवरून चालवता येणारे मोबाइल स्टार्टर त्या निकडीतूनच आले. घरातल्या यंत्रांसाठी अशी सोय घेताना या स्टार्टरकडून एक गोष्ट शिकायला हवी. यंत्र थांबलं एवढं कळून भागत नाही. ते काम संपल्यामुळे थांबलं की वीज गेल्यामुळे, हेही कळलं पाहिजे.

उसाला पाणी पाजायचं ते वीज असेल तेव्हाच. राज्यात शेतीपंपांना दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास अशी आलटून-पालटून वीज दिली जाई. दिवसा १० तास वीज मिळावी म्हणून स्वाभिमानी शेतकरी संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात धरणं धरलं. रात्रीच्या पाळीत साप-विंचवाचं भय, राधानगरीच्या बाजूला गवे, आजरा-चंदगडकडे हत्ती. अशा वेळी मोटार चालू आहे की नाही हे पाहायला विहिरीवर जाणं धोक्याचं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रणेने हे काम साध्या मोबाइलवर आणलं. २००९ मध्ये तिला नोकियाच्या स्पर्धेत पुरस्कारही मिळाला. चांगला मोबाइल स्टार्टर व्होल्टेज आणि करंट वेगवेगळे तपासतो. व्होल्टेजच नसेल तर लाईट गेली. व्होल्टेज आहे पण करंट एकदम उतरला, तर पाणी खाली जाऊन पंप कोरडा चालला आहे. एखादा फेज गेला, तर मोटार जळण्याआधी बंद करायची. कारण कळलं की पुढे काय करायचं हेही ठरवता येतं.

घरात नेमकी इथेच गफलत होते. जुन्या मशीनलाही वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावून निरोप मिळवता येतो. त्यासाठी नवं मशीन घ्यावं लागत नाही. धुताना आणि पिळताना मोटार वीज ओढते, काम संपलं की वापर जवळपास शून्यावर येतो. पण कपडे भिजत असतानाही मोटार थांबते. म्हणून वापर सलग काही मिनिटं कमी राहिला तरच निरोप जावा, अशी मांडणी हवी. वीज गेली तर प्लगही बंद पडतो. प्लगच्या ॲपने ही अवस्था ‘संपर्क तुटला’ म्हणून वेगळी दाखवली नाही, तर निरोपाची वाट पाहत बसावं लागतं आणि अर्धवट धुतलेले कपडे साबणाच्या पाण्यात पडून राहतात. पाणी तापवणारं मशीन २००० वॅटच्या आसपास वीज घेतं, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. तिथे १६ अँपिअरचाच प्लग हवा.

मशीन शेवटी आवाज देतंच, मग निरोप कशाला, असा आक्षेप निघेल. पण मशीन गच्चीवर आणि माणूस तळमजल्यावर असेल, किंवा घरातल्यांना कमी ऐकू येत असेल, तर तो आवाज कुणाच्या कामाचा? पावसाळ्यात ड्रममध्ये राहिलेल्या ओल्या कपड्यांना कुबट वास लागायला वेळ लागत नाही. मग सगळंच आपोआप व्हावं, असं कुणी म्हणेल. त्याचंही उत्तर शिवारात आहे. ऑटो स्विचमुळे वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरवर भार येतो. म्हणून ते काढून टाका, असं महावितरण सांगत आलं आहे. निरोप मिळाला की निर्णय माणसाच्या हाती राहतो. खासगीपणाचा आक्षेप मात्र रास्त आहे. यंत्रं कधी चालतात यावरून घरात कधी कुणी नसतं याचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे नोंदी घरातच ठेवणारं साधन अधिक चांगलं.

निरोप कुणाला जातो, हेही महत्त्वाचं. पुष्कळदा ॲप घरातल्या एकाच फोनवर असतं आणि कपडे वाळत घालणारी व्यक्ती दुसरीच असते. तिच्या फोनवर, तिला वाचता येईल अशा मराठीत, कारणासह निरोप गेला तरच तिची खेप वाचेल. शेतीपंपासाठी हे जमलं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सर्वांनी ते जुन्या मशीनला लावता येईल अशा स्वस्त साधनात उतरवावं, ही मागणी ग्राहकांनी आग्रहाने करायला हवी.